हे त्यांचे गाणे नव्हे!



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. शाळेत असताना कवितेचे पाठांतर म्हटले की ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, त्या ह्या मुलाला आता अमेरिकन रॅप गाण्यांच्या शेकडो ओळी मुखोद्गत आहेत. चहा झाल्यावर त्याने आपल्या मोबाइलवरून मला एकाच कलापथकाच्या दोन ध्वनिमुद्रिका ऐकविल्या. एक १९९३ सालची आणि दुसरी २००७ सालची. पहिली चालू असताना त्याची चर्या खुललेली होती. दुसरी निम्मी होते न होते तोच त्याने ती बंद केली आणि म्हणाला, "सर, हे त्यांचे गाणे नव्हेच."

"अरे, गातात तर तेच ना?" असे मी विचारले. त्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. त्याचे हे गप्प बसणे मला महत्त्वाचे वाटले. कारण त्याचा उद्गार त्याच्या एकट्याचा नव्हता. २००७ साली ती ध्वनिमुद्रिका निघाली तेव्हा अनेक रसिकांनी तो काढला होता आणि तितक्याच आवेशाने इतरांनी तो खोडून काढला होता. त्या वादात खरे कोणाचे, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम ह्या कलेची थोडी ओळख करून घेऊ. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉंक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी झालेल्या एका घरगुती समारंभापासून हिपहॉपचा जन्म मानतात. तेथे कूल हर्क ह्या तरुणाने दोन तबकड्यांवर गाण्यांतील केवळ तालाचा तुकडा पुनःपुन्हा वाजवून लोकांना नाचविले. त्या तालावर यमकबद्ध शब्द झपाट्याने बोलणे म्हणजे रॅप. पुढे जुन्या तबकडीतील सूर-तालाचा लहानसा तुकडा यंत्रात साठवून त्यावर नवी रचना उभारण्याची पद्धत रूढ झाली. तिला 'सँपलिंग' म्हणतात. रॅपमधील संगीतकाराचे कसब बव्हंशी ह्यात असते की, हजारो तबकड्यांतून नेमका कोणता तुकडा उचलावा आणि तो कसा कापावा.

आमच्या गोष्टीतील पथकाचे नाव वू-टँग क्लॅन. न्यूयॉर्कच्या पाच विभागांपैकी स्टेटन आयलंड हे बेट सर्वांत उपेक्षित. तेथे १९९२ च्या सुमारास ह्या पथकाची जमवाजमव झाली. रिझा, जिझा, मेथड मॅन, रेक्वॉन, घोस्टफेस किला, इन्स्पेक्टा डेक, यू-गॉड, मास्टा किला आणि ओ.डी.बी. ह्या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा रसेल जोन्स, असे हे नऊ जण. रिझा, जिझा आणि ओ.डी.बी. हे एकमेकांचे चुलत-मावसभाऊ. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचे कुंग-फू चित्रपट हा ह्या मुलांचा ध्यास. आपल्या बेटाला ते शाओलिन म्हणत. नोव्हेंबर १९९३ मध्ये निघालेल्या 'एंटर द वू-टँग' ह्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या नावातील छत्तीस दालनेही अशाच एका १९७८ च्या चित्रपटातून आलेली आहेत.

ती ध्वनिमुद्रिका ऐकताना प्रथम जाणवतो तो तिचा खरखरीतपणा. ढोल धुळीतून वाजल्यासारखा. पियानोचे दोन-चार स्वर अर्धवट तोडलेले. मध्येच चित्रपटातील तलवारींचा खणखणाट. आणि त्यावर नऊ निरनिराळे आवाज, एक संपण्यापूर्वीच दुसरा सरसावणारा. पैसा थोडा, जागा लहान, साधने बेताची. परंतु त्या उणिवांतूनच एक असा नाद निर्माण झाला की, रसिकांनी तो हृदयाशी धरला.

हा नाद जमला कसा, हे कळल्याशिवाय पुढील भांडण कळावयाचे नाही. रिझाने पुढे अनेकदा सांगितले आहे की, आरंभी त्याने साथीदारांकडे एकच मागणी केली होती: पाच वर्षे मला सर्वाधिकार द्या, मी तुम्हांला शिखरावर नेतो. संगीत त्याचे, निवड त्याची, कोणते कडवे ठेवावयाचे आणि कोणते गाळावयाचे हा निर्णयही त्याचाच. ते सारे बाणेदार, एकमेकांशी स्पर्धा करणारे तरुण. तरीही त्यांनी हे मान्य केले. वचन पुरेही झाले. १९९७ च्या जून महिन्यात निघालेला 'वू-टँग फॉरेव्हर' हा त्यांचा जोड-अल्बम अमेरिकेच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर चढला. मुदत संपली आणि पथकातील प्रत्येक जण आपापल्या वाटेने मोठा होऊ लागला.

त्यानंतर २००० आणि २००१ साली दोन ध्वनिमुद्रिका आल्या आणि मग सहा वर्षांचा खंड पडला. ह्या खंडात दोन गोष्टी घडल्या. रिझा चित्रपटसंगीताकडे वळला होता. १९९९ च्या 'घोस्ट डॉग' आणि २००३ च्या 'किल बिल' ह्या चित्रपटांसाठी काम करताना त्याला प्रत्यक्ष वाद्यांची आणि संथ, सावकाश चढत जाणाऱ्या सुरावटींची गोडी लागली. दुसरी गोष्ट दुःखाची. १३ नोव्हेंबर २००४ रोजी ओ.डी.बी. रिझाच्याच ध्वनिमुद्रणालयात कोसळला आणि मरण पावला. त्याला छत्तीस वर्षे पूर्ण होण्यास अवघे दोन दिवस उरले होते. पथकातील सर्वांत बेफाम, सर्वांत हसविणारा आवाज गेला.

अशा स्थितीत ११ डिसेंबर २००७ रोजी 'एट डायग्रॅम्स' निघाली. हेही नाव एका शॉ ब्रदर्स चित्रपटावरूनच घेतलेले. त्या चित्रपटात सात शूर भावांवर दगाफटका होतो. बहुतेक मारले जातात आणि वाचलेला एक भाऊ मठाचा आश्रय घेतो. योगायोग असा की, त्याचे चित्रीकरण चालू असतानाच अलेक्झांडर फू शेंग हा त्यातील एक प्रमुख नट १९८३ साली मोटार अपघातात दगावला आणि उरलेल्यांनी चित्रपट पुरा केला. मयत भावाच्या पश्चात गाऊ पाहणाऱ्या पथकाने नेमके हेच नाव उचलावे, ह्याकडे त्या गदारोळात फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे.

ध्वनिमुद्रिकेची प्रकृती पूर्वीहून अगदी वेगळी. आरंभीच्या 'कँपफायर'मध्ये गुणगुणण्याचा खोल, गंभीर सूर आहे. 'वुल्व्ह्‌ज'मध्ये जॉर्ज क्लिंटन हा जुना फंक गायक येतो. सर्वांत गाजले ते 'द हार्ट जेंटली वीप्स'. बीटल्स पथकातील जॉर्ज हॅरिसनने १९६८ साली रचलेल्या गिटारगीताची ही नवी बांधणी आहे. प्रथम अशी वार्ता पसरली की, बीटल्सच्या मूळ तबकडीतील तुकडाच वापरण्यास परवानगी मिळाली. वस्तुतः ते संगीत नव्याने वाजविलेले होते. जॉन फ्रुशांटे हा प्रसिद्ध गिटारवादक आणि हॅरिसनचा मुलगा धनी ह्यांनी ते वाजविले आणि एरिका बाडूने त्यात गायिले. ह्या धनीचे नाव आपल्या सप्तकातील धैवत आणि निषाद ह्या स्वरांवरून ठेवलेले आहे, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. त्याचे वडील पंडित रविशंकरांकडे सतार शिकले होते आणि १९६८ च्या जानेवारीत मुंबईस येऊन त्यांनी आपल्याकडील वादकांबरोबर ध्वनिमुद्रणही केले होते.

आता भांडणाकडे वळू. ते श्रोत्यांच्या आधी पथकातच पेटले. ध्वनिमुद्रिका बाहेर पडण्यापूर्वीच रेक्वॉनने एका मुलाखतीत उघड तक्रार केली की, हे संगीत आमचे नव्हे; आम्हांला कणखर, अंगावर येणारे गाणे हवे होते आणि रिझा तर हिपहॉपमधला हिप्पी होऊन गिटारी घेऊन बसला आहे. घोस्टफेसचा राग वेगळ्या कारणाने भडकला. त्याची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ४ डिसेंबरला यावयाची होती आणि पथकाचीही त्याच दिवशी ठरविली गेली. अखेर पथकाची एक आठवडा पुढे ढकलावी लागली. घरातील वाद अशा रीतीने चव्हाट्यावर आल्यावर श्रोत्यांचे दोन तट पडले नसते तरच नवल.

विरोधकांचे म्हणणे मी आधी सांगतो, कारण ते केवळ हट्टाचे नव्हते. ते म्हणत की, चाल मंदावली आहे. पूर्वी जेथे एक कडवे दुसऱ्यावर झेप घेई, तेथे आता गायकांची धृपदे येऊन वेग मोडतात. रिझा सोडला तर इतर मंडळी पाहुण्यासारखी येतात, आपले कडवे म्हणतात आणि निघून जातात. ह्या तटातील पुष्कळांना 'टेक इट बॅक' तेवढे आवडले, कारण त्यात जुन्या ठोक्याची ओळख पटत होती.

समर्थकांचा युक्तिवाद असा होता: १९९३ सालीही रिझाने कोणाचे अनुकरण केले नव्हते, मग आज त्याने स्वतःचेच अनुकरण का करावे? त्यांना ह्या संगीतात थरावर थर दिसत. एकदा ऐकून हाती न लागणारे बारकावे तिसऱ्या-चौथ्या वेळी उलगडत. 'विंडमिल'सारख्या गाण्यात एकामागून एक येणारे आवाज ऐकून ते विचारीत की, ह्यात जुने वू-टँग नाही असे कोण म्हणतो? समीक्षकांचा कौलही बव्हंशी अनुकूल होता. शिवाय काही श्रोते असेही होते की, ज्यांनी प्रथम नाके मुरडली आणि वर्षे गेल्यावर पुन्हा ऐकून मत बदलले.

ह्या दोन्ही पक्षांचा विचार करता मला असे वाटते की, दोघांनी एकच गोष्ट ऐकली. तिला नावे मात्र वेगवेगळी दिली. ह्या ध्वनिमुद्रिकेत एकोपा नाही, हे विरोधकांना जाणवले. तीत शोक आहे, हे समर्थकांना जाणवले. 'लाइफ चेंजेस' ह्या गाण्यात साथीदार दिवंगत मित्राला निरोप देतात, तेव्हा हे दोन्ही एकाच वेळी ऐकू येते. प्रत्येक जण आपले दुःख आपल्या कडव्यात सांगतो. घरातील कर्ता मुलगा गेल्यावर भाऊ जसे एकाच ओसरीवर बसूनही एकेकटे असतात, तसे ते ऐकू येते.

तेव्हा वाद जुन्या-नव्याचा नव्हता, संमतीचा होता. १९९३ चा नाद नऊ जणांनी आपखुशीने एकाच्या हाती सोपविला होता. म्हणून त्यातील रिझाची इच्छा ही सर्वांची इच्छा वाटे. २००७ साली रिझाचे कसब वाढलेले होते, परंतु ती संमती आटली होती. चतुर श्रोत्याच्या कानाला असे अंतर कळते, जरी त्याला त्याचे कारण सांगता न आले तरी.

ह्याचा पडताळा दोन वर्षांनी आला. सप्टेंबर २००९ मध्ये रेक्वॉनने आपल्या १९९५ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेचा दुसरा भाग काढला. तो जुन्या वळणाचा होता आणि रसिकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. म्हणजे मागे वळणे हे नेहमीच खोटे असते, असेही नाही. विशेष म्हणजे, ज्याच्यावर तो दोन वर्षांपूर्वी रुष्ट झाला होता त्या रिझाचे संगीतही त्यात होते. तेथे मात्र निवड रेक्वॉनची होती. दोघांचे जमले, कारण कोणाची इच्छा चालावयाची हे दोघांनाही ठाऊक होते.

ह्यावरून श्रोत्याने काय घ्यावे? एखाद्या कलावंताची पहिली कृती आपल्या मनात घर करते, तेव्हा तीत आपले त्या वेळचे वयही मिसळलेले असते. पुढे तो कलावंत आपले ते वय परत आणून देत नाही, म्हणून त्याच्यावर रागावणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच्या नव्या कृतीत जीव कमी पडला असेल, तर जुन्या प्रेमापोटी ते झाकणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे. आधी ती कृती तिच्यापुरती ऐकावी आणि मगच तुलना करावी. मी वर्गात निबंध तपासताना हाच क्रम पाळण्याचा प्रयत्न करतो. गेल्या वर्षीच्या हुशार मुलाची वही शेजारी ठेवून यंदाच्या मुलाला गुण देत नाही.

माझ्या विद्यार्थ्याला मी एवढेच सुचविले की, ती ध्वनिमुद्रिका एकदा शेवटपर्यंत ऐक, आणि ऐकताना नवाचे आता आठ झाले आहेत हे ध्यानात ठेव. तो गेला. चार दिवसांनी त्याचा निरोप आला: "सर, मला अजूनही पहिलीच आवडते. पण दुसरी आता मधेच बंद करवत नाही."

ह्याहून अधिक कोणत्याही श्रोत्याकडून मागू नये, असे मला वाटते.