उंबऱ्याशिवाय पाणी अडवताना : व्हीलचेअरसाठी शॉवरची रचना

या पाठात आपण तीन गोष्टी पाहणार आहोत. दारातला उंबरा काढल्यावर पाणी कशाने अडते, ढाळ आणि जाळी यांची जागा कशी ठरवायची, आणि निचरा तुंबला तर बाहेर पूर येण्याआधी किती वेळ मिळतो याचा हिशेब कसा करायचा.

१. प्रश्न काय आहे?

तुमच्या घरातल्या किंवा वसतिगृहातल्या बाथरूमचे दार आठवा. दारात ग्रॅनाइटची किंवा कडाप्प्याची पट्टी असते आणि आतली फरशी बाहेरच्यापेक्षा थोडी खाली असते. पाणी बाहेर येत नाही ते या पट्टीमुळे, अशी आपली समजूत असते. पायाने चालणाऱ्याला हा उंबरा जाणवतही नाही. व्हीलचेअरची पुढची चाके मात्र लहान असतात, ती तिथे अडतात. मग अंघोळीसाठी रोज कोणीतरी उचलून न्यावे लागते. मोठ्या माणसाला दुसऱ्याने उचलून न्हाऊ घालणे यात दोघांच्याही पाठीला धोका असतो, आणि त्या व्यक्तीचा खासगीपणाही जातो.

उपाय सोपा वाटतो : उंबरा काढून टाका. पण बाकी रचना तशीच ठेवून फक्त उंबरा काढला, तर पाणी खोलीत येते, कुबड्या घेऊन चालणारा घसरतो, खालच्या घरात ओल उतरते. शेवटी घरचेच लोक गवंड्याला बोलावून उंबरा परत बसवतात. म्हणून हे लक्षात ठेवा : पाणी आत ठेवता आले, तरच हा शॉवर वापरात टिकतो.

२. मापे आणि नियम

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 चा आहे. केंद्रीय गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाने 2021 साली सार्वत्रिक सुगम्यतेची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. भारतात काम करताना हा आधार धरा. तुलनेसाठी अमेरिकेच्या 2010 च्या मानकांतील आकडे उपयोगी आहेत. चाकांसह आत जाता येईल असा शॉवर किमान 760 × 1525 मिमी, उंबरा जास्तीत जास्त 13 मिमी आणि फरशीचा ढाळ 1:48 पेक्षा जास्त नाही.

ढाळावर वरची मर्यादा का? ढाळ वाढवला तर पाणी लवकर जाते, पण खुर्चीही घरंगळू लागते. अंग साबणाने ओले असताना चाक हाताने धरून ठेवणे कठीण असते. खूप कमी ढाळ दिला तर पाणी साचते आणि शेवाळ धरते. या पाठातल्या उदाहरणांत आपण 1:60 धरू.

३. ढाळ कोणत्या दिशेला?

1500 × 1500 मिमीची ओली जागा घ्या. एका बाजूला दार आहे. जाळी ठेवण्याचे तीन पर्याय पाहू.

(अ) मधोमध गोल जाळी : चारही बाजूंनी ढाळ मध्याकडे येतो. काठापासून मध्यापर्यंत अंतर 750 मिमी, म्हणून खोली 750 ÷ 60 = 12.5 मिमी. दोन ढाळ मिळतात तिथे फरशी मोडते. त्या रेषेवर खुर्चीचे एक चाक अधांतरी राहते आणि खुर्ची डुगडुगते.

(आ) दारालगत लांब जाळी : बाहेर जाणारे पाणी जाळीत पडते, म्हणून ही रचना आकर्षक वाटते. पण इथे ढाळ दाराकडेच असतो. जाळीत केस अडकले की पाणी थेट बाहेर जाते.

(इ) दारासमोरच्या भिंतीलगत लांब जाळी : फरशी एकाच पातळीत दारापासून दूर उतरते. जाळीपाशी खोली 1500 ÷ 60 = 25 मिमी. चारही चाके एकाच प्रतलावर टेकतात.

मुख्य निचरा (इ) प्रमाणे ठेवावा. जागा आणि पैसा असेल तर दाराच्या रेषेवर दुसरी अरुंद जाळी राखीव म्हणून द्यावी. उपडी झालेल्या बादलीची लाट तिथे पकडली जाते.

४. सोडवलेले उदाहरण : तुंबल्यावर किती वेळ?

शॉवरमधून मिनिटाला 9 लिटर पाणी येते असे धरा. निचरा पूर्ण बंद झाला आहे.

पर्याय (इ) : साठणाऱ्या पाण्याचा आकार पाचरीसारखा.
घनफळ = 1.5 × 1.5 × 0.025 ÷ 2 = 0.028 घनमीटर, म्हणजे सुमारे 28 लिटर.
वेळ = 28 ÷ 9 = सुमारे 3 मिनिटे.

पर्याय (अ) : आकार उलट्या पिरॅमिडसारखा.
घनफळ = 1.5 × 1.5 × 0.0125 ÷ 3 = 0.0094 घनमीटर, म्हणजे सुमारे 9.4 लिटर.
वेळ = सुमारे 1 मिनिट.

पर्याय (आ) : पाणी साठायला जागाच नाही. वेळ जवळजवळ शून्य.

जागा तीच, ढाळ तोच. फक्त जाळीची जागा बदलल्याने साठवण तिप्पट झाली. प्रत्यक्षात निचरा बहुधा अर्धवट तुंबतो. तो मिनिटाला 6 लिटर पाणी नेत असेल तर पर्याय (इ) मध्ये 28 ÷ 3, म्हणजे 9 मिनिटांहून जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात अंघोळ उरकते. तरीही जाळी हाताने सहज उचलून केस काढता येतील अशीच निवडा.

५. उडणारे पाणी

ढाळ फक्त फरशीवरचे पाणी सांभाळतो. उडणाऱ्या पाण्यासाठी वेगळी काळजी लागते.

• शॉवरचे तोंड दाराकडे नको. तो बाजूच्या भिंतीवर, आतल्या कोपऱ्याकडे वळवून लावा.
• बसून अंघोळ करणाऱ्यासाठी हातातला शॉवर हवा. त्याची नळी किमान 1500 मिमी लांब असावी. हातातून निसटला तर तो दाराकडे फवारा मारू शकतो, म्हणून मुठीवरच चालू-बंद करण्याचे बटण घ्या.
• काचेच्या दारापेक्षा पडदा बरा. तो खुर्ची वळवताना आड येत नाही आणि मदतनीसाला बाजूने हात घालता येतो. पडद्याच्या खालच्या काठाला वजन लावा. तो ढाळाच्या आत फरशीला जेमतेम टेकावा.
• बाहेर उघडणाऱ्या दाराची आतली बाजू भिजली तर दार उघडताच ती बाहेर ठिबकते. शक्य असेल तिथे सरकते दार द्या.
• अनेक जण स्वतःची व्हीलचेअर बाहेर ठेवून अंघोळीच्या खुर्चीवर बसतात. त्यासाठी पडद्याबाहेर, पण बाथरूमच्या आतच, कोरडी जागा सोडा. ओली चाके तिथेच पुसता येतात.

६. फरशीखाली

उंबरा असताना जलरोधक थर दारापाशी वर वळवून संपवतात. उंबरा नसेल तर तसे करता येत नाही. म्हणून हा थर दाराच्या पलीकडे कोरड्या भागाखालीही न्यावा, आणि ढाळ फरशीला द्यायचा तसाच त्याखालच्या कोब्यालाही द्यावा. नाहीतर सांध्यांतून झिरपलेले पाणी खाली साचून राहते. फरशी बसवण्याआधी दारात तात्पुरता बांध घालून किमान 24 तास पाणी साठवून चाचणी घ्या.

नवीन इमारतीत बाथरूमचा स्लॅब आधीच खाली घेतलेला असतो, त्यामुळे ट्रॅप आणि ढाळ यांना खोली मिळते. जुन्या इमारतीत ती नसेल तर फरशी उचलावी लागते. समजा 60 मिमी उचलली. 1:12 चा उतार धरला तर बाहेर 60 × 12 = 720 मिमी लांबीचा उतार लागेल. दार उघडताना खुर्ची मागे घरंगळू नये म्हणून दारासमोर सपाट जागाही लागेल. बाहेर एवढी जागा आहे का, हे नकाशा काढण्याआधी मोजा.

सारांश

उंबरा पाणी एकाच ठिकाणी अडवतो. तो काढला की तेच काम दारापासून दूर जाणारा ढाळ, योग्य जागी जाळी, आत वळलेला फवारा, वजनदार पडदा आणि दारापलीकडे नेलेला जलरोधक थर यांनी मिळून करायचे असते. यातला एक कमी पडला तरी बाकीचे सांभाळून घेतात.

स्वाध्याय

1. ओली जागा 1200 × 1800 मिमी आणि ढाळ 1:60 आहे. दार (क) 1200 मिमीच्या बाजूला, (ख) 1800 मिमीच्या बाजूला असेल आणि लांब जाळी समोरच्या भिंतीलगत असेल, तर दोन्ही वेळी साठवण काढा. (उत्तरे : 32.4 लिटर, 21.6 लिटर)
2. तुमच्या महाविद्यालयातील एक बाथरूम मोजा. उंबऱ्याची उंची, दाराची रुंदी आणि नहाणी ट्रॅपची जागा नोंदवा. उंबरा आज काढला तर पाणी कुठे जाईल, ते बाणांनी दाखवा.