जुनी स्पोर्ट्स मोटार घेताय? जरा थांबा!

वर्धा जिल्हा साधेपणाबद्दल प्रसिद्ध. १९३६ साली महात्माजी सेवाग्रामला राहावयास आले, पुढे विनोबांनी पवनारला धाम नदीच्या काठी मुक्काम केला आणि पायी चालणे हाच येथे प्रवासाचा थोर प्रकार ठरला. जमनालालजी बजाज यांच्या जुन्या फोर्ड मोटारीस बैल जुंपीत आणि तिला थट्टेने ‘ऑक्स-फोर्ड’ म्हणत, अशी गोष्ट आजही सांगतात. अशा जिल्ह्यात स्पोर्ट्स मोटारीचा विषय काढणे म्हणजे एकादशीच्या घरी पुरणपोळीच्या गप्पा मारण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल.

पण काळ कोणासाठी थांबत नाही. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता मुंबईच्या दारापर्यंत पोहोचला. आपल्या जिल्ह्यात येळाकेळी आणि विरूळ येथे त्यावर चढता येते. एवढा सरळ, रुंद रस्ता घराजवळ आल्यावर चिरंजीवांना साधी मोटार पुरेनाशी होते. फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती दिसू लागतात. नवी असताना जी मोटार स्वप्नातही परवडली नसती, ती आता साध्या नव्या गाडीच्या किमतीत दारात उभी राहील असे चित्र दिसते. मग वडिलांच्या ठेवीकडे किंवा भविष्य निर्वाह निधीकडे सर्वांची नजर वळते.

वाचकहो, हौसेला मोल नसते हे खरे. पण मोटारीला असते, आणि ते एकदाच द्यावे लागत नाही. म्हणून हा लेख.

स्पोर्ट्स मोटार म्हणजे कोणती?

आपल्याकडे खऱ्या अर्थाने दोन आसनांच्या स्पोर्ट्स मोटारी थोड्याच झाल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यातून ‘सॅन स्टॉर्म’ नावाची चिमुकली गाडी बाहेर पडली. तिचे अंग फायबरग्लासचे आणि इंजिन रेनोचे, ११४९ घनसेंटिमीटरचे. पण मध्यमवर्गीय घरात जी ‘स्पोर्ट्स’ म्हणून येते ती बहुधा साध्या चेहऱ्याची आणि तिखट इंजिनाची गाडी असते. चाकणच्या कारखान्यात २०२२ पर्यंत तयार झालेल्या फोक्सवॅगन पोलोचा जी.टी. टी.एस.आय. हा प्रकार, रांजणगावची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, किंवा स्कोडा ऑक्टेव्हिया आर.एस. ही त्यांतली काही नावे. या गाड्यांत चार-पाच माणसे बसतात, डिकीत सामान मावते आणि ॲक्सिलरेटर दाबताच पोटात गोळाही येतो.

परदेशातून आलेल्या गाडीची गोष्ट आणखी निराळी. सचिन तेंडुलकरची फेरारी आठवा. ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केल्याबद्दल २००२ साली ती त्याला फियातच्या वतीने मायकेल शूमाकरच्या हस्ते मिळाली. पुढे एक कोटीहून अधिक आयातकराच्या माफीवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि अखेर कर कंपनीने भरला. २०११ मध्ये ती गाडी सुरतेच्या एका गृहस्थाने विकत घेतली. मतलब इतकाच की, आयात केलेली मोटार घेताना तिचे इंजिन पाहण्याआधी सीमाशुल्क भरल्याचा कागद पाहावा.

घेण्याची किंमत आणि बाळगण्याची किंमत

जुनी स्पोर्ट्स मोटार स्वस्त का मिळते, हे समजून घेतले की अर्धे काम झाले. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. वीस लाखांची गाडी पाच लाखांना मिळाली, तरी तिच्या ब्रेकच्या डिस्क आणि टर्बो वीस लाखांच्या गाडीचेच असतात. म्हणून जेवढी रक्कम जवळ असेल ती सगळी गाडीत घालू नये. पाच लाखांची ऐपत असेल तर चार लाखांची गाडी पाहावी आणि एक लाख पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा. तो खर्च झाला नाही तर आनंदच आहे. पण बहुधा होतो.

दुसरी गोष्ट म्हणजे, कंपनी देशात आहे की नाही ते पाहावे. फियातने भारतात मोटारी विकणे बंद केले, म्हणून तिच्या गाड्या वाईट ठरत नाहीत. पण एखादा दिवा किंवा काच मिळविण्यासाठी महिनाभर वाट पाहण्याची तयारी हवी. नागपुरात त्या गाडीचे काम जाणणारा मिस्त्री आहे का, याचा शोध गाडी घेण्यापूर्वी करावा. घेतल्यानंतर करणे म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका पाहणे.

आधी कागद, मग रंग

विकणारा कितीही गोड बोलो, त्याचे नाव आर.सी. बुकावर आहे का, हे पहिले पाहावे. बुकावरचा चेसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या कोरीव नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. ‘एमपरिवहन’ या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर घातला की नोंदणी, विमा आणि पी.यू.सी. यांची मुदत कळते. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का आणि दंडाचे ई-चलन थकले आहे का, हेही पाहून घ्यावे. हा बोजा किरकोळ समजू नये. २०२० साली मुंबईत एका देशी स्पोर्ट्स मोटारीच्या निमित्ताने एकाच गाडीवर अनेक कर्जे काढल्याचा आरोप होऊन फौजदारी प्रकरण उभे राहिले होते. कर्ज फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

मालकी बदलण्यास फॉर्म २९ आणि ३० लागतात. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावे, असा कायदा आहे. परराज्यातील गाडी असेल तर तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, हवे. शिवाय महाराष्ट्राचा रस्ताकर नव्याने भरावा लागतो. दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या फार स्वस्त दिसतात. पण हा कर आणि नागपूरपर्यंत आणण्याचा खर्च धरला की स्वस्ताई पुष्कळशी विरघळते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि पर्यावरण करही भरावा लागतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीस नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी आहे का, तेही पाहावे.

विम्याबाबत पुष्कळांची फसगत होते. गाडीबरोबर तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे येतो. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीकडे नाव बदलून घ्यावे. जुन्या मालकाची ‘नो क्लेम’ सवलत त्याच्याबरोबर जाते, गाडीबरोबर येत नाही.

आणि एक महत्त्वाचे. स्पोर्ट्स मोटारीला पूर्वीच्या हौशी मालकाने बरेचदा मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, खाली दाबलेल्या स्प्रिंगा किंवा इंजिनाच्या संगणकात फेरफार असे दागिने चढविलेले असतात. कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. असे बदल लपविल्यास विम्याचा दावाही अडतो. मूळ स्थितीतील गाडीच निवडावी.

गाडी कशी पाहावी

गाडी सकाळी पाहावी आणि इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्याआधीच विकणाऱ्याने ती सुरू करून ठेवली असेल तर बोनटला हात लावून पाहा. ऊब लागली तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन सुरू होताना खडखडाट झाला तर टायमिंग चेनची शंका घ्यावी. धुरावर लक्ष ठेवावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव असतो. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तरी सावध व्हावे.

ऑटोमॅटिक गाडी चढावावर, उतारावर आणि गर्दीत हळूहळू चालवून पाहावी. पोलो जी.टी.ची सात गिअरांची, कोरड्या क्लचची डी.एस.जी. पेटी चालविण्यास मोठी मजेची आहे; पण पहिल्या-दुसऱ्या गिअरात धक्के किंवा थरथर जाणवली तर पुढे खर्च आहे असे समजावे. तिचा मेकॅट्रॉनिक नावाचा नियंत्रक बिघडला तर बिल पाहून घरात दोन दिवस कोणी बोलत नाही.

टायरवर चार आकडी तारीख असते. २३१९ असे असेल तर तो २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला. नक्षी भरपूर दिसली तरी पाच-सहा वर्षांचा टायर वेगवान गाडीला भरवशाचा नव्हे. मीटर कमी दाखवीत असेल आणि ब्रेकच्या पायट्याचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर पायट्यावर विश्वास ठेवावा. शेवटी नागपुरात नेऊन संगणक जोडून तपासणी करून घ्यावी आणि गाडी लिफ्टवर चढवून पोट पाहावे. बुटक्या गाडीचे पोट गतिरोधकांनी किती खरवडले आहे, ते तेथेच दिसते.

वर्ध्याचा उन्हाळा आणि काळी माती

मुंबई-पुण्याच्या सल्ल्याने वर्ध्यात गाडी टिकत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. अशा वेळी रेडिएटर, कूलंट, पंखा आणि रबरी होज यांची तपासणी मार्चमध्येच करून घ्यावी. कूलंटऐवजी विहिरीचे पाणी ओतण्याची सवय सोडावी. त्यातील क्षार इंजिनात साठतात. उन्हात उभी राहणारी बॅटरी लवकर मरते, म्हणून शेड हवीच. कडुनिंबाची सावली चांगली, पण त्याखाली पक्ष्यांची घाण पडते आणि ती रंग खाते. रोजच्या रोज ओल्या फडक्याने पुसावी.

कापसाच्या दिवसांत आर्वी-हिंगणघाटकडील रस्त्यांवर काळ्या मातीची धूळ उडते. तेव्हा एअर फिल्टर पुस्तकात सांगितल्यापेक्षा लवकर पाहावा. पिके निघाली की उंदीर घराकडे वळतात आणि वायरी कुरतडतात. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीचे बोनट आठवड्यातून एकदा तरी उघडावे.

ऑइल वर्षातून एकदा बदलावे, गाडी कमी चालली तरीही. ब्रेकचे ऑइल दोन वर्षांनी बदलावे. लांबून भरधाव आल्यावर टर्बोची गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर तशीच चालू द्यावी. २०२५ पासून पंपांवर बहुतेक सर्वत्र वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या कित्येक गाड्या त्यासाठी बनविलेल्या नाहीत. त्यांचे इंधनाचे रबरी पाइप आणि सील यांवर नजर ठेवावी, आणि टाकी भरून महिनोन् महिने गाडी उभी करू नये, कारण इथेनॉल हवेतील ओल शोषते. आठवड्यातून अर्धा तास तरी ती फिरवावी. प्रत्येक कामाची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहावेत. विकताना ही वही हजारो रुपये वाचविते.

वेगाचा हिशेब

समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, आणि या गाड्या त्याहून किती तरी जास्त पळू शकतात. नेमके येथेच घरातील वडील मंडळींनी बोलावयास हवे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्यास निघालेली बस जळून २५ माणसे दगावली, त्यांत आपल्या वर्ध्याची माणसेही होती. या रस्त्याचे दुःख वर्धेकरांना निराळे सांगावयास नको. सरळ रस्त्यावर डोळ्यांना झापड येते, तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर दगा देतो. निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये हवा मोजावी, दर दोन तासांनी उतरावे, मागच्या आसनावरील माणसांनीही पट्टा बांधावा. आणि मुलाला गाडी द्यावयाची तर पहिले काही महिने शेजारी बसून द्यावी.

पाडवा हा साडेतीन मुहूर्तांतील एक मुहूर्त. त्या दिवशी खरेदी करावी असे सर्वांनाच वाटते आणि विकणाराही “आज उचला, उद्या दुसरे गिऱ्हाईक आहे” म्हणून घाई करतो. त्यास सांगावे, मुहूर्त पुढच्या वर्षी पुन्हा येईल. कागद स्वच्छ असतील, मिस्त्रीने होकार दिला असेल आणि वेगळी ठेवलेली रक्कम बँकेत शिल्लक असेल, तर मात्र खुशाल घ्या. सौभाग्यवतींच्या हातून तिला कुंकू लावा, चाकाखाली लिंबू ठेवा, नारळ फोडा. आणि पहिली फेरी पवनारच्या पुलापर्यंतच न्या, सावकाश.