खटकणारा शब्द

‘वडाला मात्रा दिली, उलट खूळच लागलं. मराठी चित्रपट, दोन अक्षरं.’

हे कूट मी रचलं आणि भाचीला घातलं. थोड्या वेळानं तिनं उत्तर दिलं, ‘वेड’. ‘वड’वर एक मात्रा चढवली की ‘वेड’ होतं आणि खूळ म्हणजे वेडच. वैद्याची मात्रा आणि अक्षरावरची मात्रा एकाच शब्दात सापडल्याचा आनंद मला आठवडाभर पुरला होता. पण ती म्हणाली, “मामा, यात ‘उलट’ कशाला घातलास? मी आधी ‘डव’ घेऊन बसले होते.”

तिचं बरोबर होतं. क्रिप्टिक कोड्यात ‘उलट’ म्हणजे शब्द उलटा वाचण्याची आज्ञा. मी तो केवळ वाक्याला ठसका यावा म्हणून घातला होता. सोडवणाऱ्याला फसवावं, पण त्याच्याशी खोटं बोलू नये. ‘उलट’ काढून टाकला. आता ते कूट असं आहे: ‘वडाला मात्रा दिली आणि खूळच लागलं.’

हा नाद मला माझ्या मामानं लावला. डोंबिवलीहून लोकलनं कचेरीत जाताना इंग्रजी पेपरातलं कोडं तो पेन्सिलीनं सोडवायचा. सुट्टीत मला बरोबर नेलं की कुर्ल्यापर्यंत एखादं कूट मराठीत करून सांगायचा. बहुतेक सिनेमांवर, कारण सिनेमांची नावं आम्हा दोघांनाही पाठ. ‘माणसा, मनातलं बोल, आत झुंज आहे’ हे त्याचंच. ‘माणसा मनातलं’ सलग वाचलं की पोटातून ‘सामना’ बाहेर येतो. जब्बार पटेलांचा तो चित्रपट मी पुढे पाहिला. निळू फुल्यांच्या हिंदुरावापुढे लागूंचा मास्तर उभा राहतो, तेव्हा मला मामाचं वाक्यच आठवत राहिलं. एका माणसानं मनातलं बोलावं म्हणून चाललेली ती झुंज आहे. चांगलं कूट असं चित्रपटाच्या गाभ्याला हात घालतं.

मामाचा एकच धडा होता: “वाक्यात जो शब्द खुपतो ना, तो तिथे कामावर आलेला असतो. त्याला धर.”

हा खेळ साहेबाकडून आला असं आपण समजतो. चौकटीतलं शब्दकोडं तिकडून आलं हे खरंच. पण शब्दाची अशी मोडतोड आपल्याकडे फार जुनी. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत प्रहेलिका आहे. दंडीनं ‘काव्यादर्शा’त तिचे सोळा प्रकार सांगितले. सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या ‘कादंबरी’त शूद्रक राजा वेळ कशात घालवतो याची यादी येते. त्यात अक्षरच्युतक आहे, मात्राच्युतक आहे. एक अक्षर गाळून अर्थ बदलायचा किंवा नुसती मात्रा गाळून. माझ्या ‘वेड’ची युक्ती म्हणजे मात्राच्युतक, फक्त उलट्या दिशेनं.

नागरी लिपीचं बळ इथेच आहे. इंग्रजी कूटकारांचा हुकमी एक्का म्हणजे अक्षरांची सरमिसळ. ‘क्लिंट ईस्टवुड’ हे नाव रोमन लिपीत लिहून अक्षरं विस्कटली की ‘ओल्ड वेस्ट ॲक्शन’ तयार होतं. माणूस, त्याचे चित्रपट आणि त्यांची जात, सगळं तेरा अक्षरांत. मराठीत हे सहसा जमत नाही. आपला स्वर व्यंजनाला चिकटलेला. ‘सामना’ची तीन अक्षरं कशीही फिरवा, हाती अर्थ लागत नाही. मराठी कूटं रचणाऱ्यानं सरमिसळीच्या मागे लागूच नये असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार अशी हत्यारं आहेत आणि रोमन लिपीत त्यांना जोड नाही.

इंग्रजीतले नियम मात्र जरूर घ्यावेत. टॉर्केमाडा या टोपणनावानं एडवर्ड पॉइस मॅथर्स १९२६पासून ‘ऑब्झर्व्हर’मध्ये कोडी रचायचे आणि ती भयंकर अवघड असायची. पुढे ॲफ्रिट म्हणजे वेल्स कॅथीड्रल स्कूलचे हेडमास्तर रिची यांनी १९४९मध्ये न्यायाचं तत्त्व मांडलं: कूटकाराच्या बोलण्याचा वरवरचा अर्थ खरा नसला तरी चालेल, पण त्याच्या शब्दांतून खरा अर्थ निघालाच पाहिजे. झिमेनीज ऊर्फ मॅकनट यांनी १९६६च्या पुस्तकात त्याचं शास्त्र केलं. कुटात उत्तराचा अर्थ हवा, शब्दाची फोड हवी आणि तिसरं काही नको. माझा ‘उलट’ हे ते तिसरं काही होतं.

पडद्यावर शब्दकोडं बरेचदा दिसतं, पण नेपथ्यातल्या सामानासारखं. डेव्हिड लीनच्या ‘ब्रीफ एन्काउंटर’मध्ये (१९४५) ते खरं कामाला आलंय. मन दुसरीकडे गुंतलेली बायको समोर बसलेली आणि नवरा कोडं सोडवताना कीट्सच्या ओळीतला गाळलेला शब्द तिला विचारतो. ती सांगते, ‘रोमान्स’. तो म्हणतो, बसतोय. डिलिरियम आणि बलुचिस्तानशी जुळतोय. प्रेम, भ्रम आणि दूरचा मुलूख असा तिच्या मनाचा नकाशाच चौकटीत उतरतो आणि नवऱ्याला वाटतं, आपण कोडं सोडवतोय.

‘द इमिटेशन गेम’नं (२०१४) मात्र मला राग आणला. त्यात जोन क्लार्क पेपरातलं कोडं सोडवून ब्लेचली पार्कच्या, म्हणजे युद्धकाळात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या ब्रिटिश केंद्राच्या, परीक्षेला पोचते. खरी जोन केंब्रिजची गणिती. तिथे तिला शिकवलेल्या गॉर्डन वेल्चमननं तिला बोलावलं आणि ती जून १९४०मध्ये ब्लेचलीत दाखल झाली. ‘डेली टेलिग्राफ’ची बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा झाली त्यानंतर, जानेवारी १९४२मध्ये. इतक्या हुशार बाईला तिच्या गणिताऐवजी कोड्याच्या दारातून आत आणणं हा तिच्यावर अन्याय आहे, आणि मी कोड्यांचा भक्त असूनही हे म्हणतोय.

हे सगळं वाचत असताना सापडले स्टीव्हन सॉन्डहाइम आणि मी तिथेच थांबलो.

ब्रॉडवेच्या संगीत नाटकांमुळे हे नाव सर्वांना माहीत. ‘वेस्ट साइड स्टोरी’ची गीतं लिहितानाच्या दिवसांत ते आणि संगीतकार बर्नस्टाइन ब्रिटनच्या ‘लिसनर’मधली अवघड कोडी सोडवत बसायचे. एप्रिल १९६८मध्ये ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिक निघालं, तेव्हा पहिल्याच अंकापासून सॉन्डहाइमनी त्यात ब्रिटिश वळणाची कोडी द्यायला सुरुवात केली. एकूण ४२. अमेरिकन वाचकाला हा प्रकार समजावणारा लेखही त्यांनी लिहिला. त्याच्या मथळ्याचा मराठीत भावार्थ असा: खरं शब्दकोडं कसं सोडवावं, अर्थात पूर्वेकडच्या सुपारीला चार अक्षरी शब्द कोणता आणि तो कळून कोणाला काय करायचंय?

हे वाचलं आणि मी श्रीवर्धनच्या अंगणात पोचलो. तिथे रोठा सुपारी उन्हात पसरलेली असते आणि सोललेल्या, न सोललेल्या सुपारीला वेगवेगळे शब्द घरच्या पोरांनाही ठाऊक असतात. आपल्या रोजच्या वापरातली वस्तू मॅनहॅटनमध्ये निरुपयोगी माहितीचा नमुना ठरली होती. तरी सॉन्डहाइमचं म्हणणं मला पटतं. नुसतं माहीत आहे की नाही हे तपासणारं कोडं कोशात संपतं. क्रिप्टिक कोड्याचं उत्तर कुटातच असतं, फक्त दिसत नाही.

‘सायको’तला नायक अँथनी पर्किन्स हा सॉन्डहाइमचा मित्र. दोघे मिळून न्यूयॉर्कभर मित्रांसाठी शोधाशोधीचे खेळ रचायचे. खेळणाऱ्यांत दिग्दर्शक हर्बर्ट रॉस होते. त्यांनी दोघांना पटकथा लिहायला लावलं आणि १९७३मध्ये ‘द लास्ट ऑफ शीला’ आला. लेखक म्हणून या जोडीचा पडद्यावर आलेला हा एकच चित्रपट. पुढच्या वर्षी त्याला रहस्यपटकथेचं एडगर पारितोषिक मिळालं.

खुनी मी सांगणार नाही. कुलूप कसं घडवलंय एवढंच दाखवतो.

क्लिंटन ग्रीन हा निर्माता. त्याच्या बायकोला, शीलाला, वर्षापूर्वी रात्री एका गाडीनं उडवलं आणि गाडीवाला पळून गेला. ग्रीन तिच्याच नावाच्या बोटीवर सहा पाहुण्यांना बोलावतो, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर. पहिल्या दिवशी तो सगळ्यांना बोटीच्या नावाखाली उभं करून फोटो काढतो. नावाची रोमन अक्षरं सहा, माणसं सहा, एकेक जण एकेका अक्षराखाली. मग प्रत्येकाला एक पत्ता, म्हणजे कार्ड, देतो. पत्त्यावर एक गुपित टाइप केलेलं असतं, पण ते ज्याच्या हातात आहे त्याचं नव्हे, दुसऱ्या कोणाचं तरी. शॉपलिफ्टर, होमोसेक्शुअल, एक्स-कन्व्हिक्ट, इन्फॉर्मर असे ते पत्ते. समलैंगिक असणं चोरी आणि चहाडीच्या रांगेत बसवलेलं पाहून आज टोचतं. तो काळच तसा होता.

त्यात एक पत्ता आहे, ‘लिटल चाइल्ड मोलेस्टर’. पहिल्यांदा पाहताना मी अडखळलो. मूल लहानच असतं, मग ‘लिटल’ कशाला? वाटलं, लिहिणाऱ्याचा हात सैल सुटला. मग मामाचा धडा आठवला. पत्त्यांची पहिली रोमन अक्षरं ओळीनं लावली: एस, एच, ई, आय. पुढे एल हवा. ‘लिटल’ एलसाठी कामावर आला होता! आता सहावा पत्ता ए या अक्षराचा हवा. पण प्रत्यक्षात सापडतो तो ‘हिट-अँड-रन किलर’, म्हणजे पुन्हा एच. एक पत्ता खोटा आहे. कोणीतरी कूटकाराच्या चौकटीत आपला शब्द घुसडला आहे.

इथे मी पडदा थांबवून बराच वेळ बसून राहिलो. फोटो प्रेक्षकाला सुरुवातीलाच दाखवलाय, पत्तेही समोर ठेवलेत. न्यायानं पाहिलं तर काही लपवलेलं नाही. शब्दकोड्याची शिस्त माहीत असलेल्या दोघांनी दोन तासांचा चित्रपटच एक कूट म्हणून बांधला. झिमेनीजच्या काटेकोर चाहत्यानं ‘लिटल’ला भरतीचा शब्द म्हणून नावं ठेवावीत. माझ्या मते तोच या पटकथेतला सर्वात प्रामाणिक शब्द आहे. तो खुपतो आणि खुपूनच वाट दाखवतो.

या चित्रपटाचं ऋण रायन जॉन्सननं उघडपणे मानलंय. त्याच्या ‘ग्लास अनियन’मध्ये (२०२२) सॉन्डहाइम क्षणभर स्वतःच्याच भूमिकेत दिसतात, संगणकावर खेळ खेळताना. चित्रपट आला तेव्हा ते हयात नव्हते.

‘शीला’ पाहिल्यापासून मी माझी जुनी कूटं तपासायला काढली. ‘वनराजाची बैठक, मुख्यमंत्र्यांसाठी’ हे ‘सिंहासन’चं कूट रद्द केलं, कारण सिंह आणि आसन ही फोड त्या शब्दाची व्युत्पत्तीच आहे, त्यात कूट कसलं? ‘पिंपळाच्या शेंड्याला म्हातारपण, मास्तर इथे अडकला’ हे ठेवलं: पिंपळाचा पिं, म्हातारपण म्हणजे जरा, मिळून ‘पिंजरा’. ‘लयीचा आरंभ, मग गाणं, हा माफ व्हावा म्हणून क्रिकेट’ हेही ठेवलं. लयीतला ल आणि गान, मिळून ‘लगान’.

एक मात्र नवीन झालं, आणि ते मला सगळ्यांत प्रिय आहे: ‘नट, आणि रगेच्या कपाळी टिकली.’ ‘रग’च्या पहिल्या अक्षरावर अनुस्वाराची टिकली लावली की ‘रंग’ होतो. आधी नट, म्हणून ‘नटरंग’. यातला नट सरळच आलाय, ती उणीव मला मान्य आहे. पण रग असलेला गुणा पैलवान टिकली लावून नाच्या म्हणून उभा राहतो, हीच तर आनंद यादवांची गोष्ट. एका अनुस्वारात ती मावली.

भाचीनं हे सोडवलं आणि यावेळी कुठलाच शब्द काढायला सांगितला नाही.

वाचकहो, आपल्या आवडत्या चित्रपटाचं नाव घ्या, मात्रा काढून बघा, डोकं उडवून बघा, टिकली लावून बघा आणि घरात कोणाला तरी घाला. सुरुवात या कुटानं करा: ‘विश्वासाचं डोकं उडालं, तरी चालू आहे तो.’ मराठी चित्रपट, २००४, दोन अक्षरं.