सगळ्यात हळू कोण चालतो?

आमच्या कोल्हापुरात कोणत्याही बेताची सुरुवात ‘चल की, त्यात काय!’ या वाक्याने होते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणापुरते ते ठीक आहे. पण बेत पन्हाळा ते पावनखिंड या वाटेचा असला, म्हणजे ‘त्यात काय’ याचे उत्तर आधी कागदावर लिहून काढावे लागते. मी मराठीचा अध्यापक. गणिताशी माझे सख्य बेताचेच. तरीही येत्या आषाढात या वाटेने नेण्याचा हट्ट विद्यार्थ्यांनी धरला, तेव्हा फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला तो असा : आपल्यात सगळ्यात हळू कोण चालतो?

मंडळी हसली. पण सगळा बेत या एका प्रश्नावर उभा आहे.

वाट अशी. पन्हाळ्याच्या राजदिंडीने खाली उतरायचे, तुरुकवाडी-म्हाळुंगे करीत मसाई पठार चढायचे. पुढे कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी अशा वाड्यांचे मणी ओवीत पांढरपाणी गाठायचे, आणि मग खिंड. अंतर ५० किलोमीटरांच्या घरात. सिद्दी जौहरने १६६० च्या मार्चमध्ये पन्हाळ्याला घातलेला वेढा फोडून जुलैतल्या त्या पावसाळी रात्री शिवाजी महाराज याच मुलखातून विशाळगडाकडे गेले. हल्लीच्या बहुतेक मोहिमा हे अंतर दोन दिवसांत वाटून घेतात. आम्ही पहिला निम्मा भाग, म्हणजे आंबेवाडीपर्यंतचे सुमारे २५ किलोमीटर, एका दिवसात चालायचे ठरवले आहे.

आता हिशेब. जुलैच्या मध्याला आपल्याकडे उजेड साधारण १३ तास. चिखलात, निसरड्यावर, घोळक्याने चालताना ताशी ३ किलोमीटर म्हणजे चांगलीच चाल. म्हणजे साडेआठ तास चालणे, दोन तास न्याहारी, जेवण आणि ‘सर, जरा बसू या’ यांचे. हाताशी उरतात अडीच तास. एवढीच शिल्लक, ती सकाळी उशिरा निघून उधळायची नाही. म्हणून पन्हाळ्यावर मुक्काम आदल्या रात्रीच करायचा आणि फटफटताच राजदिंडी उतरायची.

नवख्याला वाटते, धोका चढणीत असतो. या वाटेवर तो सपाटीवर आहे. मसाईचे पठार जांभ्या दगडाचे; पावसाळ्यात त्याच्या खोलगट भागांत जागोजाग पाणी साचून लहानमोठी तळी होतात. उघडीप असेल तर दृष्य असे, की पाय पुढे निघत नाहीत. पण धुके उतरले, की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. चढणीवर निदान वर कोणते नि खाली कोणते एवढे तरी कळते. पठारावर चहूकडे सारखेच गवत आणि सारखेच पाणी. म्हणून वाडीतला माहीतगार माणूस बरोबर हवाच. मोबाइलमधला नकाशा जरूर घ्यावा, पण भिजलेल्या मोबाइलला वाट विचारता येत नाही. आणि तळ्यात उतरायचे नाही. गढूळ पाण्याखाली तळ कुठे आहे, ते वरून कळत नाही.

पठार उतरले की झाडी लागते. येथे जळवा वाट पाहत असतात. जळू ओढून काढू नये. मीठ लावावे, ती आपसूक सुटते. गवे या भागात फिरतात. दिसले तर थांबावे, आवाज न करता दूरची वाट धरावी. फोटोसाठी चार पावले पुढे जाणाऱ्याला मी पुन्हा नेणार नाही, हे आजच सांगून ठेवले आहे.

पाठीवर काय? भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दोन लिटर पाणी, कोरडे मोजे, विजेरी, शिट्टी. पायात सरावाचे बूट; नवे कोरे बूट आठ मैलांत सूड घेतात. सरावाला आठ महिने आहेत. दिवाळीनंतर रोज पहाटे रंकाळ्याला फेरी, संक्रांतीनंतर कोल्हापूर ते जोतिबा पायी, आणि उन्हाळ्याआधी पन्हाळा.

हे सारे मी पालकांच्या बैठकीत सांगितले. सर्वांचे ऐकून झाल्यावर एका विद्यार्थिनीचे वडील उभे राहिले. शेतकरी माणूस. म्हणाले, “सर, पोरीचा पाय ल्हानपणी मोडल्याला. चालती, पर दमानं. तिला न्या, पर मागं ठेवून जाऊ नगासा.”

बैठक शांत झाली. मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला वगळणे सोपे होते, आणि तिला ते अपेक्षितही असावे. माझ्या मनात मात्र दुसरेच आले. ही वाट आपण ज्यांच्यासाठी चालतो, ते मागे राहिलेले लोक आहेत. महाराजांचे रूप घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद मागे राहिला. घोडखिंडीत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे मागे राहिले. खिंड पावन झाली ती त्यांच्यामुळे. त्यांचे मागे राहणे पराक्रम होता, कारण पुढे स्वराज्य जायचे होते. आमच्या पुढे काय आहे? फार तर एक सामूहिक छायाचित्र. त्यासाठी कुणी मागे राहावे, एवढे काही ते मोठे नाही.

तेव्हा नियम ठरले. सर्वांत पुढे वाटाड्या, त्याच्या मागे ती मुलगी; तिची चाल तीच सर्वांची चाल. सर्वांत शेवटी मी. दुपारी बारापर्यंत कुंभारवाडी गाठली नाही, किंवा कुणाचाही पाय दुखू लागला, तर तेथेच मोहीम संपली; गाडी बोलवायची आणि सर्वांनी मिळून परतायचे. परतण्याचा निर्णय तिथे मतदानाने होणार नाही; तो आजच झाला आहे.

“मग आपण पोचू का, सर?” एकाने विचारले. जोतिबाच्या चालीनंतर ते कळेल. तेव्हा ताशी ३ किलोमीटर जमले नाहीत, तर आंबेवाडीऐवजी कुंभारवाडी हाच आमचा मुक्काम असेल. पठार, तळी आणि झाडीची सुरुवात तेवढ्यातही पाहून होते.

वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती आपल्याकडेही असे बेत शिजतील. नकाशा पुढे ओढण्याआधी घरातल्या मंडळींकडे एकदा नीट पाहा, आणि सगळ्यात हळू चालणाऱ्याला विचारा, किती लांब जाऊ या?