वहीत राहिलेले प्रश्न हॅशटॅगवर

नागपुरात ३ ते ७ जानेवारी २०२३ दरम्यान १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस झाली. यजमान होते शताब्दी वर्षातले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. १४ विभागांची सत्रे होती, शिवाय महिला, शेतकरी, आदिवासी आणि बालवैज्ञानिकांचे वेगळे कार्यक्रम. इतक्या मोठ्या अधिवेशनात सगळे ऐकणे कुणालाच शक्य नसते. व्याख्यान लांबले की प्रश्नांसाठी जेमतेम पाच मिनिटे उरतात आणि माइक बहुधा पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांकडे जातो. मागे बसलेल्या संशोधक विद्यार्थिनीचा प्रश्न वहीतच राहतो.

असे प्रश्न गोळा करण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे हॅशटॅग. आयोजक अधिवेशनासाठी एक छोटी खूण ठरवतात. सहभागी आपली टिप्पणी समाजमाध्यमावर त्या खुणेसह लिहितात आणि खूण शोधली की सगळ्या टिप्पण्या एकत्र दिसतात.

जन्मच संमेलनातला

ही कल्पना ख्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर मांडली. त्यांनी उदाहरण दिले होते #बारकॅम्प, म्हणजे तंत्रज्ञांच्या अनौपचारिक संमेलनांचे. पुढे हॅशटॅग सिनेमापासून निवडणुकीपर्यंत सगळीकडे पोहोचला. वैद्यकीय परिषदांमध्येही तो रुळला.

त्याचा उपयोग कसा होतो? समजा, नागपुरात सिकलसेल आजारावर परिषद आहे. विदर्भात या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. व्यासपीठावर हायड्रॉक्सियुरिया या औषधाच्या मात्रेची चर्चा सुरू आहे. गडचिरोलीतला वैद्यकीय अधिकारी ड्युटीमुळे येऊ शकलेला नाही, पण टिप्पण्या वाचतो आणि विचारतो, ‘औषध सुरू केल्यावर रक्ततपासणी वारंवार करावी लागते, ती गावपातळीवर कशी करायची?’ सत्राच्या अध्यक्षांनी तो प्रश्न वाचून दाखवला, तर चर्चा सभागृहातून थेट दवाखान्यात पोहोचते.

आकडा म्हणजे कौल नव्हे

मात्र हॅशटॅगवर दिसते ते सगळ्या सभागृहाचे मत नसते. बरेचदा मोजकेच लोक भरपूर लिहितात, बाकीचे नुसते वाचतात. एकच वाक्य शंभर जणांनी पुढे पाठवले तरी ते मत एकच असते. त्याच खुणेखाली जाहिरातीही घुसतात. वरिष्ठांच्या नजरेत येण्याच्या भीतीने विद्यार्थी टीका टाळतात. म्हणून टिप्पण्यांची संख्या मोजून ‘सत्र यशस्वी’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे. कोणती शंका पुन्हा पुन्हा येते आणि कोणत्या दाव्याचा पुरावा मागितला जातो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

दुसरा मुद्दा छायाचित्रांचा. २०१७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने सॅन डिएगोतील परिषदेत स्लाइडचे फोटो टाकणाऱ्यांना ते काढायला सांगितले, तेव्हा बरीच टीका झाली. अप्रकाशित संशोधनाबाबत वक्त्याची इच्छा महत्त्वाची, हे खरे. पण त्याहून महत्त्वाचा आहे रुग्ण. एक्स-रेवरचे नाव किंवा चेहऱ्याचा फोटो एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही.

जपून ठेवायला हवे

टिप्पण्या कंपनीच्या संगणकावर असतात, आयोजकांच्या नव्हे. २०२३ मध्येच ट्विटरने माहिती उतरवून घेण्याची मोफत तांत्रिक सोय बंद केली आणि अनेक संशोधकांची कामे अडली. विज्ञान काँग्रेसही नागपूरनंतर जानेवारी २०२४ मध्ये भरली नाही. पुढचे अधिवेशन ठरल्या वेळी होईलच, असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे झालेल्या चर्चेची नोंद अधिकच मोलाची ठरते.

आयोजकांनी करायच्या गोष्टी फार खर्चिक नाहीत. हॅशटॅग छोटा ठेवून निमंत्रणपत्रिकेवरच छापावा. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा कोणत्याही भाषेत लिहा, असे सांगावे. ‘फोटो काढू नका’ असे वक्त्याला वाटत असेल तर तशी खूण पहिल्याच स्लाइडवर असावी. स्मार्टफोन न वापरणाऱ्यांसाठी दाराशी चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. प्रत्येक सत्रात दोन प्रश्न तरी हॅशटॅगवरून किंवा पेटीतून घ्यावेत. आणि अधिवेशन संपल्यावर आठवडाभरात निवडक प्रश्न उत्तरांसह अहवालात छापावेत. उत्तर मिळते असे दिसले, तरच पुढच्या वेळी लोक प्रश्न लिहितील.