सगळं जुळलं, तरी पुरळ का?

मागच्या वेळी शेवटी एक प्रश्न आला होता. सख्ख्या बहिणीची बोन मॅरो, एचएलए पूर्ण जुळलेलं, तरी तीन आठवड्यांनी भावाच्या तळहातांवर लाल पुरळ उठलं आणि जुलाब सुरू झाले. असं का? आज तिथूनच सुरुवात करू.

मूत्रपिंड बसवलं की आपल्याला धास्ती असते ती शरीर ते नाकारेल याची. इथे गोष्ट उलटी आहे. आपण अवयव नाही, रुग्णाची प्रतिकारशक्तीच बदलतो. जुनी मज्जा औषधांनी जवळपास संपवतो आणि दात्याची भरतो. तिच्यासोबत दात्याच्या टी पेशीही येतात, आणि त्यांच्या दृष्टीने परका असतो तो रुग्णच! बिलिंगहॅम यांनी 1966 मध्येच तीन अटी मांडल्या होत्या: कलमात लढणाऱ्या पेशी हव्यात, रुग्णात दात्याकडे नसलेलं काही हवं, आणि रुग्ण त्या पेशींना हुसकावून लावू शकत नसावा.

मग एचएलए जुळलं म्हणजे नेमकं काय जुळलं? एचएलए ही एक प्रकारची ताटली समजा. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे तिच्यात मांडून टी पेशींना दाखवते. भावाबहिणीच्या ताटल्या सारख्या निघाल्या (सख्ख्या भावंडांत ही शक्यता चारात एक), पण वाढलेलं सगळंच सारखं कसं असेल? भावाच्या वाय गुणसूत्रावरची काही प्रथिनं बहिणीच्या पेशींनी स्वतःच्या घरात कधी पाहिलेलीच नसतात. तिला मुलगे झालेले असतील तर गरोदरपणात ओळख झालेली असू शकते, आणि तीही वैरी म्हणून.

पण नुसत्या फरकाने एवढा भडका उडत नाही. आधीच्या केमोथेरपीने आतड्याचं अस्तर सोलवटलेलं असतं. जिवाणूंचे अंश त्यातून आत झिरपतात, टीएनएफसारखी धोक्याची रसायनं सुटतात, रुग्णाच्या उरलेल्या डेंड्रिटिक पेशी खडबडून जाग्या होतात आणि दात्याच्या टी पेशींना चेतवतात. त्या पेशी वाढतात आणि त्वचा, आतडं, यकृत यांवर तुटून पडतात. आतडं आणखी फाटतं, आणखी जिवाणू आत. हे दुष्टचक्र आहे, म्हणूनच जुलाब 'खाण्यातलं काहीतरी' म्हणून घरी अंगावर काढायचे नसतात.

तुम्ही म्हणाल, टी पेशी आधीच गाळून टाका ना! तसं करून पाहिलं. जीव्हीएचडी कमी झाला, पण ल्युकेमिया जास्त वेळा उलटला. कारण उरलेल्या कर्करोगाच्या पेशी शोधून मारणाऱ्याही याच टी पेशी. एकरूप जुळ्या भावाची मज्जा घेतली तर हा आजार सहसा होत नाही, पण कर्करोग परतण्याचा धोका जास्त राहतो.

म्हणून आता बऱ्याच ठिकाणी प्रत्यारोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देतात. रुग्णाला पाहून पिसाळलेल्या, भराभर वाढणाऱ्या टी पेशींना त्याचा सगळ्यात मोठा फटका बसतो, शांत पेशी बऱ्याचशा वाचतात, आणि मूळ पेशींकडे या औषधाचा निचरा करणारं एन्झाइम भरपूर असतं, त्यामुळे नवी मज्जा तगते.