वाळूजच्या बसगाड्या विजेवर
1985 साली बजाजचा कारखाना निघाला, तेव्हापासून वाळूजला पाळीच्या बसगाड्या ओळखीच्या झाल्या. त्या डिझेलवरून विजेवर न्यावयाच्या, तर धावतात किती यापेक्षा उभ्या राहतात किती, हे प्रथम पाहावे. सिडकोपासून जाऊन-येऊन 40 किलोमीटर धरू. किलोमीटरमागे सुमारे 1 युनिट, म्हणजे पाळीमागे 40 युनिटे. अशा 10 गाड्या एकदम 60 किलोवॉटच्या चार्जरांना जोडल्या, तर मागणी 600 किलोवॉटवर जाते. आणि महावितरण उच्चदाब ग्राहकाकडून युनिटांखेरीज कमाल मागणीचाही आकार घेते! त्याच गाड्या दोन-दोन करून लावाव्या: प्रत्येक जोडीस 40 मिनिटे, सर्वांस साडेतीन तासांच्या आत, मागणी अवघी 120 किलोवॉट. दोन पाळ्यांमधील अवकाश त्यास पुरतो. मात्र गाडी कंत्राटदाराची नि आवार कारखान्याचे असले, तर चार्जर कोणी बसवावयाचा, हा तंटा करारापूर्वीच मिटवावा लागेल.